अठ्ठेचाळीस तास

सक्करदऱ्यात टायरच्या दुकानावरच्या खोलीत
होमराज निखारेचा सर्व्हर राहायचा.
दोन पेट्या, एक इन्व्हर्टर,
आणि मे महिन्यात त्यांच्याकडे तोंड केलेला कूलर.
कूलरच्या ओलीनं पेट्यांना सर्दी होते
असं कोणी सांगितलं, तेव्हापासून नुसता पंखा.
तोही त्यांच्याचकडे. होमराज बनियनवर, घामात.

दहा वर्षांपूर्वी त्यानं आमच्या लुगड्यांना जागा दिली.
वर्षाचे नऊशे, तेही दिवाळीनंतर.
सासऱ्यांनी मागावरून उतरवलेलं शेवटचं लुगडं
फोटोत उलटं चढलं होतं,
त्यानंच रात्री जागून सरळ केलं.
हे हिशेबाच्या कोणत्या रकान्यात लिहायचं
मला अजून कळलेलं नाही.

आधी पान उघडायला चहा गाळण्याएवढा वेळ लागायचा.
मग चहा पिण्याएवढा.
मग कप विसळून पालथा घालण्याएवढा.
माणूस सवयीनं चहा वाढवत जातो.

फोन केला की, "आताच पाहतो जी वैनी."
"पाहूनच राहिलो जी."
"लाइन गेली होती जी."
एकदा तर नुसतंच "जी."
खोटं तो कधी बोलला नाही.
लाइन जातेच.

हर्षल, माझा पुतण्या, म्हणाला,
काकू, गिऱ्हाईक तीन सेकंद थांबते, मग जाते.
मी म्हटलं, बाया एक लुगडं निवडायला
तीन दुपारी घेतात, माझ्या डोळ्यांसमोर.
तो म्हणाला, त्या गादीवर बसलेल्या असतात काकू,
पाणी पिऊन.
ह्या बाहेर उभ्या आहेत. उन्हात.

तरी मी वर्ष काढलं.

मग पोळा झाला. दुसऱ्या दिवशी मारबत.
आठवड्यावर महालक्ष्म्या,
वर्षाची निम्मी लुगडी ह्याच दिवसांत जातात,
आणि सकाळपासून पान पांढरं.
रायपूरहून एका बाईचा फोन:
"ताई, उघडत नाही काही.
तुमच्याकडे सगळं बरं आहे ना?
कोणी गेलं तर नाही?"

नाही, म्हटलं, सगळे आहेत.
फोन ठेवला आणि बसून राहिले.
दार बंद दिसलं म्हणून परक्या बाईला
आपल्या घरी सुतक वाटावं,
याहून स्पष्ट कोण सांगणार होतं?

खाली रस्त्यावरून बडगे चालले होते,
खड्ड्यांचा, भाववाढीचा, कोणाकोणाचा.
मनात आलं, एक होमराजचाही...
छे. त्याचा कशाला?
त्याच्या "आताच पाहतो"चा करावा
आणि माझ्या "राहू दे"चा,
दोघांना एकाच बंडीवर बसवून द्यावं गावाबाहेर.

संध्याकाळी गेले.
गुलाल पायऱ्यांपर्यंत आला होता.
"काहून वैनी, काही चुकलं का माझं?"
मला उत्तर पाठ होतं, ते आलं नाही.
मीच म्हटलं, आमचा पसारा वाढला, होमराज.
त्यानं टायरच्या बिलामागे पासवर्ड लिहून दिला.
सासऱ्यांचं नाव होतं. पुढे एक दोन तीन.
इतकी वर्षं त्यांच्याच नावानं
तो आमचं कुलूप उघडत होता.

हर्षलनं सगळं उचलून नव्या जागी नेलं.
म्हणाला, आता अठ्ठेचाळीस तास थांबायचं.
पत्ता बदलल्याची बातमी जगभर एकदम पोचत नाही,
काहींना नवं घर दिसते, काहींना जुनंच.
रायपूरला नवं दिसू लागलं.
गोळीबार चौकात, माझ्याच मोबाइलवर,
अजून जुनं, अर्धं, एक लुगडं पदरापाशी अडकलेलं.
मी ते बंद केलं नाही. पाहत राहिले.

दुसऱ्या रात्री साडेदहाला होमराजचा फोन.
"वैनी, माझ्याकडून नवं उघडून राहिलं जी.
लवकर उघडते."
मग पंख्याचा आवाज, बराच वेळ.
"वर्षाचे किती घेतात जी ते लोक?
नाही, नुसतं विचारलं."